अर्ध्या विटेची जागा

सिस्टर,

तुम्हाला एका भट्टीबद्दल सांगायचं आहे. कचरा जाळायची भट्टी, साधी, विटांची, माझ्या छातीपर्यंत येणारी, वर पत्र्याचं धुराडं. ती मी बांधून घेतली, आणि ती बांधताना किती वेळा वाटलं की तुम्ही कमरेवर हात ठेवून मागे उभ्या असायला हव्या होतात. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या वर्गातल्या आम्ही मुली आता तुमच्या तेव्हाच्या वयाच्या कितीतरी पुढे गेलो आहोत. तरीही तुम्हाला काही सांगायचं म्हटलं की मी अजून वेणी पुढे घेते. म्हणजे वेणी आता राहिलेली नाही, पण हात तसा जातो.

मी पेणला असते, रामवाडीत. लग्न होऊन इथे आले ती इथलीच झाले. इथल्याच शाळेत विज्ञान शिकवलं. तुमच्यासारखं नाही जमलं, पण शिकवलं. आता निवृत्त आहे. मुलगी पुण्याला, तिचे वडील गेले त्याला बरीच वर्षं झाली, आणि घरातलं काम सकाळीच आटोपतं. अशा बाईला कोणी ना कोणी कामाला लावतंच. मला खाडीच्या बाजूच्या एका गावातल्या मुलींच्या वसतिगृहाने बोलावलं, गणित आणि विज्ञान पक्कं करून घ्यायला. मुली बहुतेक डोंगराकडच्या कातकरी वाड्यांवरच्या, थोड्या मिठागरांवर राबणाऱ्या घरांतल्या. इमारत जुनी पण आवार मोठं, आणि एका बाजूच्या कुंपणाला लागून गणपतीचा कारखाना. आमच्याकडे कारखाना म्हटलं की गणपतीचाच, कंपनी म्हटलं की डोलवीची पोलादाची. कुंपणापलीकडे उन्हात फळ्यांवर पांढऱ्या कच्च्या मूर्ती ओळीने बसलेल्या असतात, आणि अलीकडे आमच्या मुली ओळीने बसून पाढे म्हणत असतात.

त्यांच्यातली नववीतली एक मुलगी मला पहिल्या आठवड्यातच आवडली. ज्वलन शिकवत होते. जळायला हवा लागते, असं सांगून मी खडू खाली ठेवते आहे तोच ती उभी राहिली. "बाई, मग सूर्याला वारा कुठनं मिळतो?" मी इतकी वर्षं शिकवलं, हा प्रश्न मला एकाही मुलाने विचारला नव्हता. पण दर महिन्यात ही मुलगी चार-पाच दिवस गायब व्हायची. परत आली की मागचं काही कळलेलं नसायचं, आणि मग वर्गात मान खाली. मी वसतिगृहाच्या मावशींना विचारलं. मावशी म्हणजे तिथली स्वयंपाकीणही त्याच, राखणदारही त्याच.

"घरी जातं पोर," मावशी म्हणाल्या. "हितं टाकायचं कुठं, बाई?"

टाकायचं म्हणजे काय ते मला कळलं, आणि मी शरमले. इतके दिवस जात होते, कधी मनात आलं नव्हतं. मुली कागदात पुडी बांधून दिवेलागणीला बांधावरून चालत जायच्या आणि खाडीकडच्या तिवरांच्या झाडीत फेकून यायच्या. कुत्री ते ओढून पुन्हा रस्त्यावर आणायची. रस्त्याच्या मोरीवर बसलेली पोरं हसायची, काहीबाही बोलायची. एकदा एकाने या मुलीला मोठ्याने विचारलं होतं, "काय गो, खाऊ आणलास काय?" त्यानंतर तिने बांधावर पाऊल टाकलं नाही. दिवस आले की ती सरळ वाडीवर जायची. आणि तिचा बाप आता म्हणत होता की असं येऊन-जाऊन शिकण्यात काय अर्थ, दिवाळीनंतर सगळे वीटभट्टीवर जातील तेव्हा हिलाही घेऊन जातो, भाकऱ्या थापायला हात हवेतच. एकदा वीटभट्टीवर गेलेली मुलगी नववीत परत बसत नाही, हे इकडच्या कोणालाही विचारा.

त्या दिवशी एस.टी.त बसून घरी येताना मला तुमचं बोर्डिंगचं स्वयंपाकघर आठवलं. रोह्याचं. उंच छप्पर, धुराने काळे झालेले वासे, कुंडलिकेकडून येणारा ओलसर वारा. रविवार आहे. मी तांदूळ निवडायला पाटावर बसले आहे. उठते तर पाटावर डाग. मी तो पाट उलटा करते आणि त्यावर पुन्हा बसते, जणू काही झालंच नाही. आईचं शेवटचं बाळंतपण मला आठवत होतं. दारातून दिसलेलं तेवढंच आठवत होतं, आणि त्यानंतर आई नव्हती. म्हणजे आता मी, असं माझ्या मनाने ठरवून टाकलं. तुम्ही कॉफी न्यायला आलात. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, मग त्या उलट्या पाटाकडे पाहिलंत. खुंटीवरचा एप्रन काढून तो माझ्या कमरेला पाठीमागून बांधलात आणि मला तुमच्या खोलीत नेलंत. सिस्टरांच्या खोलीत मुलींनी जायचं नसे. लोखंडी कॉट, एक ट्रंक, भिंतीवर क्रूस. तुम्ही ट्रंकेतून तुमचा जुना पांढरा झगा काढलात आणि टर्र टर्र फाडायला लागलात. मी म्हटलं, "सिस्टर, झगा!" तुम्ही म्हणालात, "खूप धुतलेलं आहे, मऊ आहे. नवीन कपडा टोचतो. आणि रडतेस काय गो? मरत नाहीस तू."

तुम्ही गोव्याच्या. तुमचा 'गो' आणि आमच्या गावचा 'गो' सारखाच. आई गेल्यावर मला कोणी 'गो' म्हणून हाक मारली नव्हती. बोर्डिंगात सगळ्या आडनावाने बोलवायच्या. त्या झग्याचे चौकोनी तुकडे तुम्ही घडी करून माझ्या हातात ठेवलेत आणि कसं बांधायचं, कसं धुवायचं, कुठे वाळवायचं ते असं सांगितलंत, जसं दुसऱ्या दिवशी वर्गात साबण कसा बनतो ते सांगितलंत. मला आयुष्यात पुष्कळ भेटवस्तू मिळाल्या. मऊ म्हणून कोणी स्वतःचा कपडा फाडून दिला नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ती सकाळ झाली. आम्ही प्रेयरला मैदानात उभ्या, व्हरांड्यात बाहेरून आलेले पाहुणे, आणि रांगांच्या मधून एक कुत्रं तोंडात काय ते घेऊन धावतंय. दोन मुली रडायला लागल्या. हेडमिस्ट्रेस लालेलाल. दुपारी आम्हा मोठ्या मुलींना बोलावून घेतलं जाईल, छडी मिळेल, असं आम्ही धरून चाललो होतो. त्याऐवजी शनिवारी तुम्ही आम्हाला फळ्यासमोर बसवलंत आणि फळ्यावर एक माणूस काढलात. तोंड, पोट, पाय. "हा जेवतो," तुम्ही म्हणालात. "काय लागतं याला? कोरडं जेवण. श्वास. आणि बाहेर जायला वाट. आता याच्या जागी विटा काढा." आम्ही काढल्या. कोणाच्या भट्टीला दारच नव्हतं, कोणाच्या धुराड्याला वरून झाकण होतं, एकीने तर खिडक्या आणि पडदे काढले होते. तुम्ही प्रत्येकीची वही उचलून विचारायचात, "वारा कुठून येणार? दाखव." बोट फिरवून वाट दाखवता आली पाहिजे, दारातून आत, जाळीतून वर, धुराड्यातून बाहेर. जिचं बोट अडलं तिने पुन्हा काढायचं. गवंडी एकच होता, विटा उचलायला आम्ही सगळ्या. तुम्ही झग्याच्या बाह्या वर खोचून, पायात ते पुरुषी कॅनव्हासचे बूट घालून चिखल कालवत होतात. नदीपलीकडच्या अष्टमी गावाहून पूल ओलांडून येणारी माणसं कुंपणाशी थांबून बघायची. एक म्हातारा तुम्हाला म्हणाला, "सिस्टर, बेकरी काढताव काय?" तुम्ही म्हणालात, "हो, पाव नाही मिळणार पण."

भट्टी पेटवायची माझी पहिली पाळी आली तेव्हा काय झालं ते तुम्हाला आठवत असेल. मी खारेपाटातली, खाडीकाठच्या भातशेतीतली पोर. आमच्याकडे पावसाआधी राब भाजतात. पाला, गवत, शेणी शेतात पसरायच्या, वरून माती टाकायची, आणि वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवायचं. भडका उडू द्यायचा नाही, माती टाकटाकून आग धुमसत ठेवायची, तर शेत भाजतं आणि रोप चांगलं येतं. आग दाबून ठेवणं म्हणजेच आग नीट करणं, हे मला चालायला लागल्यापासून माहीत. तर मी तुमच्या नव्या भट्टीत पुडे टाकले, पेटवलं, आणि वरून दोन घमेली माती घालून शहाण्यासारखी उभी राहिले. सगळा धूर चॅपेलमध्ये गेला. आत मदर सुपीरियर. तुम्ही धावत आलात, झाकण उघडून बघितलंत आणि म्हणालात, "अगो, आग आहे ही, मेलेलं मांजर नव्हे! पुरतेस काय तिला?" सगळ्या मुली हसल्या. तुम्ही हसला नाहीत, पण तुमचे खांदे हलत होते, ते मी पाहिलं. नंतर आठवडाभर मुली मला बघून म्याँव करायच्या.

तर सिस्टर, मी वसतिगृहात ती भट्टी बांधायचं ठरवलं. संस्थेचे सेक्रेटरी आधी नको म्हणाले, मग विषय काय आहे ते कळल्यावर इतके कानकोंडे झाले की लगेच हो म्हणाले. प्लॅस्टिकचं अस्तर असलेलं काही त्यात जाळायचं नाही, त्याचा धूर विषारी, हे मी पहिल्यांदा सांगितलं. गावातल्या दोन शिलाईवाल्या बायका सुती पॅड शिवून देतात, मुलीही शिवायला शिकल्या. दसऱ्यानंतर जमीन वाळली तेव्हा काम काढलं. मी फळ्यावर तुमचा माणूस काढला. मुलींनी वह्यांत भट्ट्या काढल्या. मी विचारलं, "वारा कुठून येणार? दाखव." त्या नववीतल्या मुलीचं बोट कुठेच अडलं नाही. जाळीचे गज मावशींच्या पुतण्याने जोडून दिले, तो डोलवीला कंत्राटावर वेल्डिंग करतो. मावशी विटा भिजवता भिजवता म्हणाल्या, "त्या भट्टीवर पोर जाऊ नये म्हणून ही भट्टी. व्हय ना बाई?" तेच होतं.

आणि पहिल्याच दिवशी धूर. पांढरा, दाट, जड. तो वर गेलाच नाही. धुराड्यातून निघाला, कुंपणावर वाकला आणि थेट कारखान्याच्या अंगणात उतरला.

कारखानदार माझ्याच वयाचे असतील, मी त्यांना भाऊ म्हणते. हाताला नेहमी शाडूमाती, बोलायला सौम्य. ते कुंपणाशी आले. मुली आत पळाल्या.

"बाई, हे काय जाळताव?"

"कचरा आहे, भाऊ."

"कचरा हाय ते खरं. पण कसला कचरा, ते माझ्या घरातल्या बायकांनी मला सांगितलं." मग ते मूर्तींकडे बघत म्हणाले, "माझं म्हणाल तर मला काय नाय. मला पण पोरी हायत. पण हे देवाचं काम. उद्या गिऱ्हाईकाच्या कानावर गेलं की हितल्या बाप्पावर कसला धूर बसतो, तर कोण नेईल? आणि ही काजळी बघा." त्यांनी एक मूर्ती उचलून दाखवली. खरंच, पांढऱ्या सोंडेवर करडी धूळ बसली होती. विटाळाचं सोडा, सिस्टर, पण ती धूळ खरी होती. एवढ्या मूर्ती पुन्हा पुसायच्या म्हणजे काय, ते मला दिसत होतं.

सेक्रेटरींचा निरोप दुसऱ्या दिवशी आला. शेजाऱ्यांशी वाकडं घ्यायचं नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर पुन्हा तक्रार आली, तर भट्टी पाडायची. मुली सुट्टीला घरी निघाल्या तेव्हा मी त्या मुलीला फाटकापर्यंत सोडायला गेले. तिच्या हातात तिची ट्रंक होती. ट्रंक घेऊन जाणारी मुलगी परत येईलच असं नसतं. मी म्हटलं, "तू ये. तोवर धूर थांबवते." ती म्हणाली, "कसा थांबवाल बाई?" मला उत्तर येत नव्हतं. शिक्षिकेसारखा चेहरा केला आणि म्हटलं, "ते तू आल्यावर शिकवीन."

सुट्टीत मी रोज जात होते, साठलेले पुडे थोडे थोडे जाळून बघत होते. मी असताना पेटवलं की थोडा धूर, मी नसताना पेटवलं की फार, असं मावशींच्या बोलण्यावरून लक्षात आलं. एक दिवस न सांगता लवकर गेले. मावशी भट्टीसमोर उभ्या होत्या आणि हातात मातीचं घमेलं.

"मावशी, हे काय?"

"काय म्हंजे? आग दाबते. अशी भडकू दिली तर भाजंल काय नीट?"

"खालचं दार का लावलंत?"

"वारा लागतो ना बाई! राब भाजताना असं उघडं ठेवलं असतं तर सासऱ्यानं मला घरातनं काढली असती."

मी तिथल्याच दगडावर बसले आणि इतकी हसले की मावशींना राग आला. मग मी त्यांना तुमची सगळी गोष्ट सांगितली. मांजराचीसुद्धा. मावशी घमेलं खाली ठेवून म्हणाल्या, "मंग तुमच्या सिस्टरनी तुमास्नी वरडलं, तुम्ही मला का नाय वरडत?" तुम्ही मला ओरडलात तो दिवस मी कितीदा मनात काढून पुसूनपासून ठेवला आहे, तो मावशींवर कशाला खर्च करू?

माती थांबली, दार उघडं राहिलं. पुडे आधी जाळीच्या टोपलीत वाळवायला लागलो. करवंट्या आणि नारळाची सोडणं पेटवून भट्टी आधी तापवायची, मग थोडं थोडं टाकायचं. धूर पुष्कळ कमी झाला, पण गेला नाही. निळसर, पातळ, कुंपणावर वाकणारा. धुराडं हातभर उंच केलं तरी तसाच. शाळा सुरू व्हायला थोडेच दिवस राहिले होते. मी घरी तुमची भट्टी कागदावर पुन्हा पुन्हा काढत होते. खालचं दार, जाळी, टाकायचं झाकण, धुराडं. बोट कुठेच अडत नव्हतं. एवढी वर्षं ती माझ्या डोळ्यांसमोर जशीच्या तशी उभी आहे असं मी समजत होते, आणि तरी काहीतरी राहत होतं. मला रोह्याला जाऊन बघावंसं वाटलं. पण मागे एकदा गेले होते. तिथे आता पाण्याची टाकी आहे.

आणि मग एका दुपारी भांडी घासताना मला तो डोळा आठवला. तुमच्या भट्टीच्या मागच्या भिंतीत जाळीच्या वर एक अर्धी वीट नव्हती. आम्ही त्याला डोळा म्हणायचो. अभ्यासाच्या तासातून उठून आम्ही दोघी-तिघी मागे जायचो आणि त्यातून आत बघायचो. आत सगळं लाल, आणि त्या भोकाजवळ ज्वाळा एकदम निळी होऊन आत ओढली जायची. तुम्ही मागून यायचात. "पापण्या जळतील गो, लांब व्हा!" मला वाटायचं गवंड्याला वीट कमी पडली असेल. मग वाटायचं, तुम्ही आम्हाला बघता यावं म्हणून ती जागा ठेवली असेल. सिस्टर, मी बी.एस्सी. झाले, जन्मभर ज्वलन शिकवलं, आणि तरी ती जागा माझ्यासाठी फक्त आत बघायचं भोकच राहिली. धूर म्हणजे अर्धवट जळलेलं. वर आल्यावर त्याला पुन्हा वारा मिळाला की तोही जळतो. तुम्ही तो वारा यायला वाट ठेवली होती. त्या पहिल्या फजितीनंतर तुम्ही स्वतः छिन्नी घेऊन मागे बसला होतात, तेही आता आठवलं. तेव्हा मी तोंड लपवून बसले होते, विचारायला आले नाही.

राखेचे हात तसेच पुसून मी एस.टी. पकडली. मावशींनी छिन्नी धरली, मी हातोडी. वीट निघाली तेव्हा मावशींनी आत बघितलं आणि म्हणाल्या, "भोक पाडलं, आता धूर हितनंबी येणार." पेटवलं. आधी थोडा आला, मग करवंट्यांनी जोर धरला, मग आम्ही पुडे टाकले. मागे जाऊन मी त्या जागेतून बघितलं. ज्वाळा तिथे निळी होऊन आत वळत होती. मी वर बघितलं. धुराड्याच्या तोंडावरचं आभाळ फक्त थोडं हलत होतं, तापलेल्या रस्त्यावर हलतं तसं. मावशी कुंपणापर्यंत जाऊन नाक वर करून हुंगून आल्या. "नाय," एवढंच म्हणाल्या.

मला तेव्हा तुम्ही हव्या होतात. वयाला न शोभेल इतक्या हव्या होतात. लग्नात, मुलगी झाली तेव्हा, हे गेले तेव्हासुद्धा तुमची आठवण आली होती, पण ती आठवण होती. हे वेगळं होतं. मला तुमच्याकडे धावत यायचं होतं आणि म्हणायचं होतं, सिस्टर, बघायला चला. तुमची बदली झाली तेव्हा मी दहावीत होते. निरोपाला तुम्ही सगळ्यांच्या डोक्यावर हात ठेवलात, माझ्याही ठेवलात, सगळ्यांइतकाच वेळ. पुढे कुठल्या गावी होतात, कशा गेलात, ते मला वर्गातल्या एकीच्या पत्रातून कळलं, तेही गेल्यावर काही महिन्यांनी. त्या पत्रात ही बातमी मधल्या एका ओळीत होती, वरखाली पोरांच्या परीक्षा.

शाळा सुरू झाली. सगळ्या आल्या, ती आली नाही. आम्ही भट्टी रोज पेटवत होतो, आणि मी रोज फाटकाकडे बघत होते. वाडीवरच्या दुसऱ्या मुलीने सांगितलं की त्यांच्याकडची माणसं निघाली, टेम्पो ठरलाय. मग एका सकाळी ती आली. पुढे ट्रंक डोक्यावर घेतलेला बाप, मागे ती. बाप फाटकाच्या आत आला नाही. ट्रंक खाली ठेवून खाडीकडे तोंड करून उभा राहिला.

"पोरगी म्हनते हितं सोय झाली. खरं हाय काय?"

"खरं आहे."

"कुठं हाय?"

मी बोट दाखवलं. तो आत आला, भट्टीभोवती फिरला, वर बघितलं. "पेटली नाय?"

"पेटली आहे."

त्याने विटांकडे हात नेला आणि पटकन मागे घेतला. मग मुलीकडे न बघताच म्हणाला, "मंग ऱ्हाऊं दे तिला." आणि टेम्पो थांबला होता म्हणून लगेच गेला. मुलगी त्याच्या पाठीकडे बघत राहिली. माझ्या मनात आलं, तिला जवळ घ्यावं. मग मला वाटलं, तुम्ही काय केलं असतंत. मी म्हटलं, "मागे ये. धूर कसा थांबला ते दाखवते." ती वाकून त्या अर्ध्या विटेच्या जागेतून बघायला लागली आणि माझ्या तोंडून निघालं, "पापण्या जळतील गो."

आता ती नियमित आहे. महिन्याचे सगळे दिवस. सूर्याचं उत्तर मी तिला अजून नीट समजावू शकलेले नाही, ती समाधान मानत नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं ते मला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी पाठवलं नसतं, कारण त्यात एक गोष्ट आहे. परवा भाऊ कुंपणाशी आले. नव्या मूर्ती उन्हात मांडत होते. भट्टी माझ्या मागे पेटलेली होती, मावशी नुकत्याच पुडे टाकून बाजूला झाल्या होत्या. भाऊ फार चांगुलपणाने म्हणाले, "बाई, त्या दिवशी मी जरा जास्त बोललो. पोरींची पण अडचण असतेच. तुम्ही असं करा, पेटवायची असंल तेव्हा आदल्या दिवशी मला सांगत चला. मी मूर्ती आत घेईन."

मावशींनी तोंडात पदर कोंबला. मी भाऊंच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "हो भाऊ. सांगेन की."

मी अजून सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही. तुमच्या शाळेत इतकी वर्षं काढलेल्या मुलीने असं सरळ खोटं बोलू नये. तुम्ही विचारलं असतंत तर मी पहिल्या झटक्यात कबूल केलं असतं, सिस्टर. विचारायला तुम्ही नाही आहात, एवढंच माझं म्हणणं आहे.